एक पाया, अनेक विद्या

इंजिनियरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेला मुलगा किंवा मुलगी ज्या घरात आहे, त्या घरात एक तक्रार हमखास कानी पडते. "मला कॉम्प्युटर शिकायचा आहे, मग लोखंडी तुळईवरचा भार मी कशाला मोजायचा?" किंवा, "मी विजेची शाखा घेतली, मग शंकूचे छेद मला का काढायला लावतात?" वडील बापडे काय सांगणार! ते म्हणतात, "अभ्यासक्रमात आहे ना, मग कर मुकाट्याने." श्रोतेहो, हे काही उत्तर झाले नाही. मी इतिहासाचा अध्यापक आहे, इंजिनियर नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते, असे मला वाटते.

पूल बांधणारा, खाण खणणारा, तोफ ओतणारा आणि जहाज घडवणारा, या सर्वांनी आधी एकच विद्या शिकावी आणि मग आपापल्या वाटेने जावे, ही कल्पना आज आपल्याला स्वाभाविक वाटते. पण ती काही अनादि काळापासून चालत आलेली नाही. ती एका ठरावीक देशात, ठरावीक साली आणि मोठ्या संकटाच्या काळात अमलात आली. देश फ्रान्स, साल १७९४. आणि तिच्या मुळाशी जो माणूस होता, तो एका फेरीवाल्याचा मुलगा होता.

आधी त्यापूर्वीची परिस्थिती काय होती ते पाहू. युरोपात मोठमोठी देवळे, पूल, किल्ले शतकानुशतके बांधले जात होते. बांधणाऱ्यांना विद्या नव्हती असे कोण म्हणेल? पण ती विद्या हाताची होती, आणि ती ज्याच्या त्याच्या धंद्यात कोंडलेली होती. कमानीतला एकेक दगड कोणत्या तिरक्या कोनात घडवायचा, हे पाथरवटाला ठाऊक असे. ते त्याने गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून मिळवलेले असे. छपराचे वासे जिथे एकमेकांना तिरपे भिडतात तिथला सांधा कसा कापायचा, हे सुताराला माहीत. पण पाथरवटाची युक्ती आणि सुताराची युक्ती या दोन्हींच्या मागे एकच भूमिती आहे, हे दोघांनाही ठाऊक नसे. शिवाय अशी युक्ती दुसऱ्याला सांगणे म्हणजे आपल्या पोटावर पाय आणणे. तेव्हा ती गुप्त राही.

अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजसत्तेने इंजिनियरांसाठी शाळा काढल्या. पूल आणि रस्ते यांची शाळा १७४७ मध्ये निघाली. लष्करी इंजिनियरांची शाळा १७४८ मध्ये मेझिएर या गावी निघाली. खाणींची शाळा १७८३ ची. शाळा चांगल्या होत्या, पण प्रत्येकीचे दार वेगळे आणि प्रत्येकीचे शिक्षणही वेगळे. मेझिएरच्या शाळेत तर अधिकारी म्हणून शिकायला जायचे, तर आधी कुळाचा दाखला दाखवावा लागे. सरदार-उमरावांच्या घरचा नसाल, तर त्या दारातून आत प्रवेश नाही.

आता आपल्या फेरीवाल्याच्या मुलाकडे वळू. त्याचे नाव गास्पार मोंज. जन्म १७४६ चा, बर्गंडी प्रांतातल्या बोन या गावचा. बाप फिरता व्यापारी, शिक्षण बेताचे. पण मुलांना शिकवायचेच अशी त्याची जिद्द. मुलगा शाळेत चमकला. पुढे त्याने आपल्या गावाचा एक मोठा नकाशा काढला, तोही स्वतः तयार केलेल्या उपकरणांनी मोजमाप करून. हा नकाशा मेझिएरच्या शाळेतल्या एका अधिकाऱ्याच्या पाहण्यात आला. असा मुलगा आपल्याकडे हवा, असे त्याला वाटले. मोंजला बोलावणे आले आणि तो आनंदाने गेला. तिथे गेल्यावर कळले की त्याच्यासाठी मोठा दरवाजा नाहीच. फेरीवाल्याच्या मुलाला अधिकाऱ्यांच्या वर्गात घेता येत नाही. त्याला जागा मिळाली ती मागच्या कारखान्यात. तिथे आराखडे काढायचे, गिलाव्याच्या प्रतिकृती बनवायच्या. त्या विभागाला शाळेत थट्टेने 'गिलावा'च म्हणत.

एके दिवशी त्याच्या हाती एक काम आले. एक किल्ला बांधायचा आहे, भोवती टेकड्या आहेत. शत्रू टेकडीवर तोफ चढवील आणि आतल्या शिपायांवर नेम धरील. तेव्हा तट किती उंच करावा? कमी केला तर माणसे मरतील. फाजील केला तर पैसा, चुना आणि वेळ वाया जाईल. हा हिशेब करण्याची रूढ पद्धत अशी होती की, शत्रूची एकेक जागा धरायची, तिथून किल्ल्यातल्या एकेका जागेपर्यंतची नजरेची रेघ धरायची आणि उंची-अंतरांची आकडेमोड करीत बसायचे. कंटाळवाणे आणि फार लांबलचक काम! मोंजने ते आकडेमोडीने केलेच नाही. त्याने विचार केला तो असा: किल्ल्यातल्या शिपायांच्या डोक्यांवरून जाणारी आणि पलीकडे टेकड्यांच्या माथ्यांना टेकणारी एक प्रचंड सपाट फळी मनाने ठेवू. तट त्या फळीला जिथे भिडेल तेवढी त्याची उंची. मग एवढेच उरले की ही फळी, त्या टेकड्या आणि तो तट कागदावर अचूक उतरवायचा.

तो उत्तर घेऊन गेला तेव्हा वरिष्ठ अधिकारी ते तपासायलाच तयार होईना. इतक्या थोड्या वेळात हे उत्तर निघणेच शक्य नाही, असे त्याचे म्हणणे. मोंजने आग्रह धरला. अखेर पद्धत तपासली गेली आणि ती बिनचूक ठरली. मग काय झाले? ती लष्करी गुपित ठरवण्यात आली! मोंजला पुढे त्याच शाळेत अध्यापक नेमले. पण ही पद्धत शाळेबाहेर कोणाला शिकवायची नाही, छापायची नाही, असा दंडक घातला. पाथरवटाचे गुपित जाऊन त्या जागी राजाचे गुपित आले, इतकेच.

ही पद्धत म्हणजे काय, हे समजायला कठीण नाही. आपण बसला आहात त्या खोलीच्या समोरच्या भिंतीकडे पहा. खाली जमीन आहे. मध्ये हवेत एक माशी स्थिर आहे असे धरा. तिच्यापासून खाली ओळंबा सोडा; जमिनीवर एक ठिपका मिळेल. मग तिच्यापासून भिंतीकडे काटकोनात सरळ रेघ न्या. भिंतीवर दुसरा ठिपका मिळेल. आता माशी उडून गेली तरी चालेल. जमिनीवरचा ठिपका सांगतो, ती भिंतीपासून किती पुढे होती. भिंतीवरचा ठिपका सांगतो, ती किती उंचावर होती. डावी-उजवीकडची जागा दोघेही सांगतात. दोन ठिपक्यांत माशीचा सगळा ठावठिकाणा आला. आता भिंतीला तळाशी बिजागऱ्या आहेत अशी कल्पना करा आणि ती मागच्या बाजूला आडवी पाडा. भिंत आणि जमीन एका पातळीत आल्या, म्हणजे दोन्ही ठिपके एकाच कागदावर आले. जे ठिपक्याचे, तेच रेघेचे. जे रेघेचे, तेच घनाकृतीचे.

आणखी एक उदाहरण देतो. त्याच खोलीत एक काठी तिरपी धरली आहे, जमिनीशीही तिरपी आणि भिंतीशीही तिरपी. जमिनीवरची तिची प्रतिमा काठीपेक्षा आखूड दिसेल, भिंतीवरचीही आखूडच. मग खरी लांबी कशी काढायची? काठीचे खालचे टोक जागीच ठेवा, तिरपेपणा तसाच ठेवा आणि ती भिंतीला समांतर होईपर्यंत फिरवा. आता भिंतीवर जी प्रतिमा पडेल ती खऱ्या लांबीची. छपराचा वासा लावणाऱ्या सुताराचा प्रश्न सुटला, जहाजाची फासळी घडवणाऱ्याचा सुटला आणि खाणीतला तिरपा बोगदा मोजणाराचाही सुटला. तीन धंदे, पण भूमिती एक. पुढे या शास्त्राला 'वर्णनात्मक भूमिती' असे नाव पडले. आपल्या कॉलेजांतल्या ड्रॉइंगच्या तासाला मुले जे 'प्लॅन' आणि 'एलिव्हेशन' काढतात, ते याच शास्त्राचे वंशज आहेत.

१७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ पर्यंत युरोपातील बहुतेक राजे या नव्या प्रजासत्ताकावर चालून आले होते. पुष्कळ उमराव अधिकारी देश सोडून गेलेले, त्यांत इंजिनियरही होते. पुलांच्या शाळेतील विद्यार्थी सैन्यात भरती झालेले. तोफांना धातू नाही, म्हणून देवळांच्या घंटा उतरवून वितळवल्या जात होत्या. दारूसाठी सोरा नाही, म्हणून घरोघरच्या तळघरांतील माती धुऊन सोरा काढला जात होता. मोंज या सगळ्या धामधुमीत होता. काही काळ तो आरमारखात्याचा मंत्री होता. पुढे तोफा कशा ओताव्यात यावर त्याने एक ग्रंथच लिहिला, जेणेकरून गावोगावचे ओतारी तो वाचून काम करू शकतील. देशाला इंजिनियर हवे होते, तेही तातडीने आणि सर्व प्रकारचे.

अशा वेळी सरकारने काय करावे? कोणीही म्हणेल, "किल्लेवाल्याला किल्ले शिकवा, पूलवाल्याला पूल शिकवा, सहा महिन्यांत कामाला लावा." आश्चर्य असे की फ्रान्सने उलटा मार्ग धरला. १७९४ मध्ये 'सार्वजनिक बांधकामांची केंद्रीय शाळा' स्थापन झाली. त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला तिचे वर्ग सुरू झाले आणि पुढच्या वर्षी तिला 'एकोल पोलितेक्निक' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत 'पोली' म्हणजे अनेक आणि 'तेख्ने' म्हणजे कला किंवा कसब. अनेक कसबांची एक शाळा. आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा 'पॉलिटेक्निक' हा शब्द रुळला आहे, त्याचे हे मूळ.

या शाळेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. देशातील अनेक शहरांत एकाच वेळी प्रवेशपरीक्षा घेण्यात आल्या. त्यांत गणित विचारले. कुळ विचारले नाही. पहिल्या वर्षी सुमारे ४०० मुले आली. त्यांना सरकारातून वेतन मिळे, म्हणजे गरिबाचा मुलगाही पॅरिसमध्ये राहून शिकू शकेल. मुलांना शिकवायला लाग्रांजसारखा गणिती आणि बेर्तोलेसारखा रसायनज्ञ, म्हणजे त्या काळातले पहिल्या पंक्तीतले विद्वान. विषय थोडे आणि सर्वांना तेच: गणित आणि बलशास्त्र, वर्णनात्मक भूमिती, पदार्थविज्ञान, रसायन. रसायन नुसते ऐकायचे नाही, प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने करायचे. चित्र नुसते पाहायचे नाही, स्वतः काढायचे. मुलांचे गट पाडलेले, प्रत्येक गटावर एक होतकरू विद्यार्थी प्रमुख नेमलेला. त्या गटप्रमुखांची तयारी आधी करून घेतलेली. हा सामाईक अभ्यास झाला की मग प्रत्येकाने आपापल्या विशेष शाळेत जायचे: कोणी तोफखान्याच्या, कोणी पुलांच्या, कोणी खाणींच्या, कोणी जहाजांच्या. १७९५ च्या कायद्याने ही दोन मजली रचना पक्की केली. तळमजला सर्वांचा एक, वरचे मजले वेगवेगळे.

तो हिवाळा अतिशय कडक होता, पॅरिसमध्ये पावाची टंचाई होती. आणि अशा दिवसांत ही मुले भूमिती शिकत होती. त्याच हिवाळ्यात शिक्षकांसाठी काढलेल्या दुसऱ्या एका शाळेत मोंजने आपली भूमिती जाहीरपणे शिकवली. लघुलेखकांनी ती व्याख्याने उतरवून घेतली आणि १७९९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. म्हणजे जवळजवळ ३० वर्षे कुलपात असलेली विद्या, पुस्तक विकत घेऊ शकेल त्या प्रत्येकाची झाली. माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेतली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे. एखादी युक्ती जोपर्यंत नुसती युक्ती असते, तोपर्यंत ती लपवता येते आणि तिच्यावर कोणाची तरी मालकी राहते. पण ती मूळ तत्त्वांपासून उलगडून दाखवली, की ती कोणालाही शिकता येते, फेरीवाल्याच्या मुलालासुद्धा. 'पाया पक्का करा' हे आपण मुलांना हुशारीसाठी सांगतो. पण त्या वाक्यात न्यायाचाही एक भाग आहे, तो विसरता कामा नये.

आता कोणी विचारील, "हे सर्व ठीक, पण पायापासून शिकलेल्या माणसाला खरोखर काय जास्त येते?" याचे उत्तर एका कैद्याच्या कथेत आहे. जाँ-व्हिक्तोर पाँस्ले हा मेत्स गावचा तरुण १८०७ मध्ये पोलितेक्निकमध्ये दाखल झाला, पुढे लष्करी इंजिनियर झाला आणि १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याबरोबर रशियात गेला. माघारीच्या वेळी क्रास्नोई येथील लढाईत तो मेला असे समजून त्याला रणांगणावर टाकून दिले होते. रशियनांनी त्याला कैद केले आणि भर हिवाळ्यात महिनोन्महिने पायी चालवत व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह गावी नेले. तिथे त्याच्याजवळ काय होते? एकही पुस्तक नाही. शिकलेल्यापैकी तपशील पुसट झालेला. राहिली होती ती मूळ तत्त्वे. त्या तत्त्वांपासून त्याने आपले गणित पायरीपायरीने पुन्हा उभे केले, बरोबरच्या कैद्यांनाही शिकवले आणि ते करता करता तो त्याच्या गुरूंनी न पाहिलेल्या ठिकाणी जाऊन पोचला. १८१४ मध्ये सुटून घरी आल्यावर त्याने ते काम वाढवले. १८२२ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि भूमितीची एक नवीच शाखा उभी राहिली. ज्याने नुसती सूत्रे पाठ केली आहेत त्याचे पुस्तक हरवले की विद्या हरवते. पाँस्लेचे तसे झाले नाही.

हाच पाँस्ले पुढे पाणचक्कीकडे वळला. पाण्याचा लोट सपाट पात्यांवर आदळतो तेव्हा त्यातली बरीच शक्ती आदळण्यातच फुकट जाते. पाणी धक्का न देता पात्यावर चढले पाहिजे आणि वेग संपवून खाली पडले पाहिजे, एवढ्या साध्या तत्त्वावरून त्याने पाती वक्राकार केली, आणि चक्की कितीतरी अधिक काम करू लागली. शिवाय १८२७ पासून काही वर्षे तो मेत्सच्या कामगारांना आणि कारागिरांना यंत्रशास्त्र शिकवीत असे. पाथरवटांकडून आणि सुतारांकडून उचललेली विद्या शास्त्राचे रूप घेऊन त्यांच्याच दारी परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

पण श्रोतेहो, नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी इतिहासाशी प्रामाणिक राहणार नाही. पाया म्हणजे काही घर नव्हे. पोलितेक्निकमध्येही हळूहळू पारडे झुकत गेले. मोंज शिकवायचा तो हातवारे करून, आकृती हवेत उभी करून. लाग्रांजचा बलशास्त्रावरचा १७८८ चा प्रसिद्ध ग्रंथ असा, की त्यात एकही आकृती नाही. दोघेही थोर. पण पुढे लाप्लासच्या वजनामुळे सूत्रांचा भाग वाढत गेला आणि हाताचा, डोळ्याचा भाग कमी होत गेला.

याचा धडा पॅरिसने १८२६ मध्ये पाहिला. क्लोद-लुई नाविये हा पोलितेक्निकचाच विद्यार्थी. तुळई वाकते तेव्हा तिच्या पोटात नेमके काय होते, हे ज्यांच्यामुळे आज आपल्याला मोजता येते, त्यांत त्याचे नाव पहिल्या ओळीत आहे. त्याने इंग्लंडला जाऊन झुलत्या पुलांचा अभ्यास केला, त्यांचे गणित मांडले आणि सेन नदीवर एक भव्य झुलता पूल आखला. पूल जवळजवळ पुरा झाला होता. १८२६ च्या सप्टेंबरात साखळ्या ज्या भक्कम बांधकामात रोवल्या होत्या, त्याच्या जवळचा पाण्याचा नळ फुटला. माती भिजली, बांधकाम किंचित सरकले. दुरुस्ती करता आली असती. पण लोकांचा आणि नगरपालिकेचा विश्वास उडाला आणि पूल उतरवण्यात आला. साखळीचे गणित चुकले नव्हते. पण तिला धरून ठेवणारी माती ओली झाली तर काय, हा प्रश्न गणिताच्या वहीत पुरेसा उतरला नव्हता.

गंमत पहा. त्याच १८२६ सालच्या जानेवारीत ब्रिटनमध्ये मेनायच्या खाडीवरचा झुलता पूल वाहतुकीला खुला झाला. त्याचा कर्ता टॉमस टेलफर्ड. हा पाथरवटाचे काम शिकून वर आलेला माणूस, कोणत्याही इंजिनियरी शाळेत न गेलेला. लोखंडाच्या कांबी ओढून, तोडून, प्रयोग करून त्याने आपला अंदाज बांधला. तेव्हा काही जण म्हणाले असतील, "पाहा, शाळा हरली आणि हातोडी जिंकली." पण तसेही नाही! मेनायच्या साखळ्यांचा झोल आधी ठरला होता त्याहून वाढवण्यात आला, आणि तो वाढवावा हे डेव्हिस गिल्बर्ट या गणितज्ञाच्या हिशेबातून निघाले होते. साखळी जितकी ताणून सरळ करावी तितका तिच्यावरचा ओढा भलताच वाढतो. कपडे वाळत घालायची दोरी ताठ बांधून पाहणाऱ्या कोणालाही याचा थोडा अनुभव असतो. तात्पर्य, टेलफर्डला गणित लागले आणि नावियेला मातीचा अनुभव कमी पडला. मूळ तत्त्वे आणि कामावरचा अनुभव यांत सवत-सवत करण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट प्रवेशद्वाराची. गणिताच्या परीक्षेने कुळाचा दाखला मागे टाकला, हे मी सांगितले. पण १८०४ मध्ये नेपोलियनने या शाळेला लष्करी वळण दिले आणि लवकरच विद्यार्थ्यांकडून फीही घेण्यास सुरुवात झाली. वेतन देऊन शिकवणारी शाळा पैसे घेऊन शिकवू लागली. कुळाचे दार बंद झाले आणि पैशाचे उघडले. मोंज तर नेपोलियनचा जवळचा स्नेही. तरीही त्याला हे बदल रुचले नव्हते. १८१६ मध्ये, राजेशाही परत आल्यावर, त्याचे नाव फ्रान्सच्या विद्वत्सभेतून काढून टाकण्यात आले. १८१८ मध्ये तो वारला तेव्हा पोलितेक्निकच्या विद्यार्थ्यांना त्याच्या अंत्यविधीला जाण्याची परवानगी मिळाली नाही. दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी ती मुले मिळून त्याच्या थडग्यावर गेली आणि आदरांजली वाहून आली. शिक्षकाला याहून मोठा मान कोणता?

शाळेची कल्पना मात्र फ्रान्समध्ये अडकून राहिली नाही. प्राग, व्हिएन्ना, कार्लस्रूह, झुरिक येथे एकामागून एक पॉलिटेक्निक शाळा उभ्या राहिल्या. क्लोद क्रोझे या पोलितेक्निकच्याच विद्यार्थ्याने अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथे जाऊन वर्णनात्मक भूमिती शिकवली आणि १८२१ मध्ये तिचे इंग्रजी पुस्तक काढले.

आणि आपल्याकडे? ही विद्या आपल्याकडे इंग्रजी राज्याच्या गरजेतून आली. रुडकीचे कॉलेज १८४७ मध्ये निघाले. पुण्यात १८५४ मध्ये इंजिनियरिंगचा वर्ग आणि यंत्रशाळा सुरू झाली ती बांधकामखात्याला हाताखालची माणसे मिळावीत म्हणून. १८६६ मध्ये ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि पदवी-परीक्षांच्या शिक्षणाचे कॉलेज बनली. हाताखालची माणसे तयार करण्याच्या हेतूने निघालेल्या या संस्थेतूनच १८८३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बाहेर पडले, आणि पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारी दारे बसवली. पाण्याची पातळी वाढली की दार आपल्या आपण उघडावे आणि उतरली की मिटावे, ही कल्पना वजन आणि तराफा यांच्या साध्या तत्त्वावर उभी आहे. ज्याला तत्त्व कळले तो कोणाच्या हाताखालचा राहत नाही.

याही आधीची एक गोष्ट आपण मराठी माणसे विसरून गेलो आहोत. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्विस नावाचा एक इंजिनियर अधिकारी या देशातल्या मुलांना गणित, भूमिती आणि मोजणी शिकवीत असे. इंग्रजीतून नव्हे; मराठीतून आणि गुजरातीतून! त्यासाठी शास्त्र्यांच्या मदतीने त्याने गणित-भूमितीची मराठी पुस्तके तयार केली. मुंबईत विद्यापीठ स्थापन होण्याच्या आधी एक पिढी आपल्या भाषेत इंजिनियरीचा पाया घातला जात होता, हे ऐकून आज पुष्कळांना नवल वाटेल. ती शाळा फार वर्षे टिकली नाही. पण मूळ तत्त्वे मराठीत सांगता येत नाहीत असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्याला ही गोष्ट जरूर ऐकवावी.

आज शाखा कितीतरी वाढल्या आहेत. मोंजने कधी कल्पनाही केली नसेल अशी यंत्रे आहेत, आणि चित्र काढायला कागदाऐवजी संगणकाचा पडदा आहे. एखाद्या मुलाने आज निवडलेली शाखा आणखी ३० वर्षांनी याच रूपात असेल की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण भार, बल, उष्णता, प्रवाह आणि आकार यांचे नियम त्याला तेव्हाही उपयोगी पडतील. सारातोव्हच्या त्या कैद्याजवळ एवढेच सामान शिल्लक राहिले होते, आणि ते त्याला पुरले. तेव्हा पालकांनो, यापुढे मुलाने किंवा मुलीने विचारले की हे मी का शिकायचे, तर "अभ्यासक्रमात आहे" असे म्हणून गप्प करू नका. सांगा की ही विद्या एके काळी कुलपात होती, ती सर्वांसाठी उघडायला एका फेरीवाल्याच्या मुलाचे अर्धे आयुष्य गेले, आणि आता ती तुझ्या टेबलावर आली आहे.